क्षमेची बादली

पार्लरवालीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की देवसुद्धा कानात बोटं घालत असेल, असं तिचा नवराच म्हणायचा. पण बाई मनानं सोनं. आठवडाभर बायकांचे केस कापायचे, रंगवायचे, त्यांच्या घरादाराच्या कागाळ्या ऐकायच्या, आणि शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना घेऊन बसायचं, हा तिचा नेम.

ही मुलं साधी नव्हती. कुणी घरातली मारामारी बघून मुकं झालेलं, कुणी आई गेल्यापासून अंथरूण ओलं करणारं, कुणी बोलता बोलता कडकडून चावणारं. अशा मुलांसाठी काहीतरी करू या, असं चर्चचे पाळकसाहेब उपासनेनंतर म्हणाले, तेव्हा मंडळीतले शिकलेसवरलेले लोक आपापल्या चपला शोधायला लागले आणि हिनं हात वर केला. का केला ते तिला विचारू नका. तिचा हात डोक्याच्या आधी वर जातो.

मग एक बालमानस तज्ज्ञ बाई येऊन हिला चार गोष्टी शिकवून गेल्या. मुलांच्या हातात काहीतरी द्या, नुसतं बोलू नका, असं त्या म्हणाल्या. घाई करू नका, असंही म्हणाल्या. यातलं पहिलं हिच्या डोक्यात पक्कं बसलं. दुसरं सांगत होत्या तेव्हा ही बहुतेक त्यांच्या केसांना कुठला रंग शोभेल ते बघत असणार.

त्यातून निघाली क्षमेची बादली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खोलीच्या मधोमध पाण्यानं भरलेली बादली ठेवायची. प्रत्येक मुलानं एक खडा हातात घ्यायचा, ज्यानं दुखवलं त्याला मनात आठवायचं, आणि प्रभूला सांगून खडा पाण्यात टाकायचा. टाकताना मोठ्यानं ‘सोडलं’ म्हणायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि मग बिस्किटं. मुलं खूश, पाळकसाहेब खूश, पार्लरवालीचे तर डोळेच भरून यायचे. हिचे डोळे तसे नळासारखे, चावी कुणी फिरवायचा अवकाश.

एकच पोरगी खडा टाकायची नाही. बोलत नाही म्हणून मुलांनी तिचं नाव गप्पू ठेवलं होतं. ती नेहमी भिंतीला पाठ लावून बसायची. मागं कुणी उभं राहिलं की तिचे खांदे कानाला लागायचे. तिच्या बापानं दारूच्या भरात तिचा हात मोडला होता, आणि आईनं त्याच रात्री त्याला घराबाहेर काढलं होतं. हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. बाप आता भावाकडे राहायचा. दारू सोडली होती म्हणे. उपासनेच्या आधी येऊन खुर्च्या मांडायचा, म्हाताऱ्यांना हात धरून आत आणायचा. लोक म्हणायचे, माणूस पार बदलला. पार्लरवालीलाही तसंच वाटायचं. कधी कधी वाटायचं नाही. मग स्वतःलाच रागवायची, की देवानं बदललेल्या माणसावर संशय घेणारी तू कोण लागून गेलीस?

महिन्यामागून महिने गप्पू खडा मुठीत धरून बसायची आणि पार्लरवाली तिच्याकडे आशेनं बघत बसायची. आणि एका शनिवारी गप्पू उठली, बादलीपाशी आली, खडा टाकला आणि स्पष्ट म्हणाली, “सोडलं.”

झालं! बाई ओक्साबोक्शी रडली. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, आणि एवढ्यावर थांबली असती तरी निभलं असतं. पण रविवारी उपासनेत साक्ष द्यायची वेळ आली, म्हणजे देवानं आठवड्यात काय केलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं, आणि ही उठलीच. नाव काही घेतलं नाही तिनं. एका लेकरानं स्वतःचा हात मोडणाऱ्याला क्षमा केली, इतकंच म्हणाली. आता मंडळीत हात मोडलेलं लेकरू काय डझनावारी होतं? मागच्या बाकावर बाप गुडघ्यांवर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळे मिळून याला त्याच्या घरी पोचवू आणि घरात प्रार्थना करू.

पार्लरवालीनंही टाळ्या वाजवल्या. मग तिचं लक्ष गप्पूच्या आईकडे गेलं. ती टाळ्या वाजवत नव्हती.

आई दोन दिवसांनी दुकानात आली. केस कापायचे नव्हते. खुर्चीवर बसली आणि आरशातूनच बोलली. “मला तो घरात नकोय, ताई. पण लेकरानं माफ केलं आणि मीच अडून बसले, तर मी कसली ख्रिस्ती? तुम्हीच सांगा काय करू.”

पार्लरवाली पेचात पडली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नको म्हणावं, तर क्षमा शिकवणारी हीच, आणि बादली आणणारीही हीच. हो म्हणावं, तर जीभ रेटेना, का तेही कळेना. विचार करून सांगते, म्हणाली, आणि पाळकसाहेबांकडे गेली. ते शांतपणे म्हणाले, की क्षमा अर्धीमुर्धी नसते, आणि आपल्याला दिसतं त्याहून देवाला जास्त दिसतं. पटलं तिला. चर्चच्या फाटकापर्यंत पटलेलं राहिलं. फाटकाबाहेर पडल्यावर पुन्हा पटेनासं झालं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, अगं, त्या पोरीलाच विचार ना. एवढं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून ती त्याच्यावरच चिडली.

शनिवारी इतर मुलं चित्रं रंगवत होती. पार्लरवाली गप्पूसमोर जमिनीवर जाऊन बसली. जवळ नाही, मागे तर नाहीच. हळूच विचारलं, त्या दिवशी खडा टाकलास, तो का गं टाकलास?

गप्पूनं आधी तिच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग म्हणाली, “मी टाकला नाही की तुमचा चेहरा पडायचा.”

पार्लरवालीनं विचारलं, म्हणजे?

“बाबांचा पण आधी चेहरा पडायचा. मग मारायचे.”

पार्लरवालीला आता लख्ख दिसलं. हे लेकरू एवढे महिने खड्याकडे नाही, देवाकडे नाही, हिच्या तोंडाकडे बघत बसलं होतं. बापाच्या तोंडाकडे बघायचं तसंच. तिला पोरीला कवटाळावंसं वाटलं आणि तेही करता येईना. मी कधीच मारणार नाही, एवढंच ती कशीबशी म्हणाली.

रात्रभर तळमळली. सकाळी उपासनेत साक्षीची वेळ झाली तशी उठली. मागच्या रविवारी मी सांगितलं ते खरं नव्हतं, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या लेकरानं क्षमा केली नाही, माझ्या भीतीनं तसं म्हटलं, चूक माझी आहे, आणि आज कुणाला कुणाच्या घरी पोचवू नका. एवढं बोलून खाली बसली.

पाळकसाहेबांचा चेहरा दगडासारखा. गप्पूच्या आईनं पदरानं डोळे पुसले, पोरीचा हात धरला आणि उपासना संपायच्या आत घर गाठलं. बाप फाटकाशी पार्लरवालीची वाट बघत होता.

“मी खरंच बदललोय, ताई. तुम्हाला पटत नाही?”

त्याचे डोळे सुजले होते. खोटं बोलणाऱ्या माणसाचे वाटत नव्हते. “असशीलही,” ती म्हणाली. “मला नाही कळत. पण तू आज जायचं नाहीस.”

तो वळून चालू लागला. त्याची पाठ बघून तिला इतकं वाईट वाटलं, की हाक मारून त्याला परत बोलवायचंच काय ते बाकी होतं. आपण एक घर वाचवलं की एक माणूस पुन्हा गुत्त्याकडे ढकलला? आठवडाभर तिला ते उमगलं नाही. एका बाईचे केस हवे त्याहून बोटभर जास्त कापले गेले. मंडळीतली निम्मी माणसं रस्त्यात बोलेनाशी झाली.

शनिवारी ती खोलीत शिरली, तर गप्पू आधीच येऊन भिंतीशी बसलेली. पोरीनं मान वर करून थेट हिच्या तोंडाकडे बघितलं. पार्लरवालीला कुठला चेहरा करावा तेच सुचेना. हसावं, तर ते खोटं. पडलेला तर तिला दाखवायचाच नव्हता. शेवटी जसा होता तसाच ठेवून ती समोर बसली.

“तुम्ही रागावलात?”

“नाही गं. मला काही समजतच नाहीये.”

गप्पूनं तो चेहरा नीट न्याहाळला. मग तिचे खांदे जरासे खाली आले.

“मला पण,” ती म्हणाली.