दसऱ्याची सही

रवींद्र माझा सख्खा भाऊ, म्हणूनच त्याच्यावरचा राग गिळता येत नाही. परक्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ही गोष्ट त्याची नाही, माझ्या वहिनीची आहे, विभावरीची.

ऑकलंडला नोकरी तिला लागली. रवींद्र तिच्या व्हिसावर मागून आला. हे तो चारचौघांत सांगत नाही. तिथल्या हिल्सबरो भागातलं घर घेताना निम्म्याहून जास्त पैसा तिचाच. त्या घरासाठी तिने भारतात जाणं पुढे ढकललं, जुनीच गाडी चालवली आणि मैत्रेयीच्या, म्हणजे लेकीच्या, खोलीला स्वतः रंग दिला.

मग रवींद्रच्या डोळ्यांत शहरातल्याच ईस्ट टामाकी भागातला एक गाळा भरला. आत टाइल्सवाला भाडेकरू होता. कर्जाचे दोन रस्ते होते. कमर्शियल लोनला व्याज जास्त, बचत सगळी ओतावी लागणार, बँक गाळा आणि भाडेकरार तपासायला वेळ घेणार. पण तारण फक्त गाळ्याचं. दुसरा रस्ता घराचं कर्ज वाढवायचा. व्याज कमी, काम झटपट, तारण राहतं घर.

"कमर्शियलच घेऊया," विभावरी म्हणाली. "गाळा बुडाला तर गाळाच बुडेल."

"त्यांचं व्हॅल्युएशन दसऱ्याच्या आत होत नाहीये!"

"मग दसऱ्यानंतर घेऊ."

"साडेतीन मुहूर्तांतला एक सोडायचा आणि वर जास्त व्याज भरायचं? हा कुठला शहाणपणा?"

हा माणूस पुलांचा इंजिनीअर आहे! खालची माती तपासल्याशिवाय पुलाच्या नकाशावर सही करत नाही. आणि इथे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

दसऱ्याला त्याने टेबलावर पेढे मांडले, कागद मांडले आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "विभावरी, सणाच्या दिवशी नाही म्हणू नये गं." मीही ऑकलंडलाच राहते, त्या टेबलापाशी समोरच बसले होते. वहिनीने सही केली आणि पेढ्याला हातही लावला नाही.

टाइल्सवाल्याचा करार संपतच आला होता. कमर्शियल लोन घेतलं असतं तर बँकेने आधी तेच विचारलं असतं. उन्हाळ्यात तो गाळा सोडून गेला. नवा भाडेकरू मिळेना, घराच्या कर्जाचे जुना आणि वाढीव असे दोन हप्ते झेपेनात, गाळा विकूनही भागेना. शेवटी घराबाहेर 'फॉर सेल'ची पाटी लागली.

ओपन होमला, म्हणजे गिऱ्हाइकांना घर दाखवायच्या दिवशी, अनोळखी माणसं चपला घालून घरभर हिंडली. मैत्रेयीने बापाला विचारलं, "डॅड, व्हाय आर दे मेझरिंग माय रूम?" तो फोनमध्ये बघत राहिला. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू.

भाड्याचं घर मिळालं तेव्हा रवींद्रने पुन्हा कालनिर्णय काढलं. "शनिवारी अमावस्या आहे. रविवारी हलूया."

"शनिवारीच," विभावरी म्हणाली. "चांगला दिवस बघून तू माझं घर घालवलंस. आता मला तुझा एकही चांगला दिवस नको."

शनिवारी सकाळी तिने पहिलं खोकं उचललं. रवींद्र दारात उभा होता.

"बाजूला हो," ती म्हणाली. "वाटेत उभा आहेस."