अंगकोरच्या दारातलं वंदन

कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये, ऑफिसात असताना विमलचा फोन आला. विमल म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची सून. "मामाजी, आई गेल्या," एवढंच म्हणाली. मला रडू आलं नाही. खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखं वाटलं... आता तिच्यासमोर उभं राहावं लागणार नव्हतं. याला महिना होत आला. चार चांगले शब्द लिहा, असं लोक म्हणतात. चांगले शब्द तिच्या वाट्याचे, बाकीचे माझे.

तिला आम्ही सगळे बाईच म्हणायचो. कॉर्पोरेशनच्या शाळेत मास्तरीण, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा आणि विष्णूबिष्णू देव न मानण्याच्या प्रतिज्ञा घेऊन आल्यावर घरातले देव टोपलीत भरून कन्हान नदीत सोडून आली ती बाईच. तेव्हा मी, मोठा क्रांतिकारक, रडणाऱ्या आईच्या मागे लपलो होतो.

पुढे काही वर्षांनी बौद्ध देशांच्या यात्रेला एक गट निघाला. आमच्या वस्तीतून आम्ही दोघंच. कंबोडियात एक दिवस अंगकोरची देवळं पाहायला मिळाला. उन्हात पायपीट, भिंती फोडून वर चढलेली झाडांची मुळं, ढासळलेले उंबरे. बाई पायरीपायरीवर थांबायची. "कोनं घडवलं असन गा हे? त्यायचं नाव कुठंच काहून नाही?" मी इंग्रजी माहितीपत्रकात डोकं घालून चाललो होतो.

मोठ्या देवळाच्या दारात एक उंच मूर्ती होती. अंगावर भगवं वस्त्र, पुढ्यात उदबत्त्यांचा धूर. तिथल्या म्हाताऱ्या गुडघे टेकून बसल्या होत्या. एकीनं सरकून बाईला जागा दिली, हातात उदबत्ती दिली. बाई टेकली, हात जोडले. मी मूर्तीचे हात मोजले. आठ. माहितीपत्रकात विष्णू लिहिलं होतं. सगळ्यांदेखत मी तिचा दंड धरून तिला उठवलं. "बाई, प्रतिज्ञा विसरली काय वं?"

लुगड्याची धूळ झटकत ती म्हणाली, "म्या हात नाही मोजले गा. तोंड पाह्यलं."

संध्याकाळी तिथल्या एका इंग्रजी येणाऱ्या भिक्खूंना मी विचारलं. ते हसले. पूर्वी विष्णू असेल, म्हणाले, पण आमचे लोक कित्येक पिढ्या तिथे बुद्धालाच वंदन करतात. चूक माझी होती आणि ती मला त्याच दिवशी कळली. बाईला मी सांगितलं नाही.

नागपुरात विहाराच्या समितीत सचिवपदाची चुरस होती. यात्रेवरच्या भाषणात, परदेशातसुद्धा प्रतिज्ञा मोडणाऱ्याला मी कसं आवरलं, ते रंगवून सांगितलं. नाव घेतलं नाही; पण वस्तीतून माझ्यासोबत दुसरं कुणी गेलंच नव्हतं. भिक्खूंचं बोलणं गिळून टाकलं. बाई मागे बसली होती. उठली, चपला घातल्या आणि गेली. पुन्हा कधी विहारात आली नाही. सचिव मी झालो, अजून आहे.

पुढे त्या देशात कत्तली झाल्या. पेपरातलं वाचून ती एकदाच म्हणाली, "मले जागा देणारी ते म्हतारी असन का आता?" मी पेपरची घडी घातली.

विमलचा फोन आला त्या दिवशी मी पोचलो, तेव्हा खोलीत शेजारणी तिचे हात छातीवर जोडायला गेल्या. विमलनं अडवलं. "राहू द्या. आई रोज घरी बुद्धाच्या मूर्तीपुढं बसत, पन हात मांडीवर. म्या इचारलं, हात काहून नाही जोडत? तर म्हने, कोनी येऊन उठवलं तं?"

मग त्रिशरण म्हणायला सगळ्यांनी सचिवाकडे पाहिलं. मी हात जोडले.