भिंतींआधीचं दार

घर जळलं ते राखेमुळे. चुलीतली राख विझली असं समजून माझ्या मैत्रिणीने ती परसात ओतली, आणि परसात भिंतीला टेकूनच सरपणासाठी कपाशीच्या पऱ्हाट्या रचलेल्या. आमच्या साक्रीकडचं चैत्रातलं ऊन, त्यात वारा. विहिरीवरून पाणी येईपर्यंत छपराची लाकडं खाली आली होती. तिच्या नवऱ्याने बैल सोडवले, त्यात त्याचे दोन्ही हात भाजले.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी त्या गावात शाळेत शिकवायला होते आणि ही नवरा-बायको माझं तिथलं गणगोत. त्यांना मी माझ्या खोलीवर आणलं. मग बायका भेटायला येऊ लागल्या. डोळ्याला पदर लावायच्या आणि हळूच विषय काढायच्या, की लेकीचं लग्न झालं तशी घरातली लक्ष्मीच गेली, नाहीतर कोणाची तरी नजर लागली. मैत्रीण ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "राख गरम व्हती, बस," ती म्हणायची. वर आणखी, "रडनं व्हई तं गारा तुडवता तुडवता रड." निम्म्या बायका पुन्हा फिरकल्या नाहीत. उरलेल्या पदर खोचून खरंच बांधकामाच्या गाऱ्यात, चिखलात उतरल्या. त्या उरलेल्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

अखाजी तोंडावर आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात सासरची लेक माहेरी येते, झोका खेळते, मांडे आणि आमरस खाते. तिला आणायला माहेरचा मुराळी जातो. मैत्रिणीच्या एकुलत्या लेकीची ही लग्नानंतरची पहिलीच अखाजी, आणि पिंपळनेरच्या पलीकडून तिच्या सासऱ्यांचा निरोप आला, की घरच नाही तर माहेर कसलं, औंदा राहू द्या. निरोप गोड शब्दांत होता, पण मैत्रिणीला त्यातली गोम कळली. "पहिली अखाजी चुकनी तं पोर जलमभर ऐकी," ती म्हणाली, "तुले मांगे कोन शे, म्हनीसन." घर जळल्यावर न रडलेली बाई त्या निरोपाने रडली. मग नाक पुसून थेट गवंड्याकडे गेली.

गवंडी म्हणाला, अखाजीपर्यंत पाया होईल, भिंती होणार नाहीत.

"मंग चौकट उभी कर," ती म्हणाली.

जुनी सागाची चौकट वरवर जळून थांबली होती. सुताराने काळं तासून काढलं, पायावर ती उभी केली आणि बांबूंचे टेकू दिले. मैत्रिणीने नारळ फोडला. भिंती नाहीत, छप्पर नाही, गल्लीकडे तोंड करून नुसतं दार उभं. दारामागे तिने ताडपत्रीखाली चूल मांडली. ढिगाऱ्यातून एकच वस्तू धड निघाली होती, मांडे भाजायचं खापर. ते तर जन्मभर विस्तवावरच बसलेलं.

मी एकदा घमेलं घेऊन पायाच्या दगडांवरून आत गेले, तर ती कडाडली, "मास्तरीनबाई, तठे भीत शे!" भरल्या घमेल्यानिशी मला मागे फिरवलं आणि दारातून यायला लावलं. "भिंत? वेड लागलं का गं तुला?" मी म्हटलं. ती हसलीसुद्धा नाही. गल्ली मात्र हसत होती. हळूहळू हसणारेही चौकटीतूनच ये-जा करू लागले.

मुराळी म्हणून जायचं कोणी? नवऱ्याचे हात फडक्यांत गुंडाळलेले, मुलगा नाही. मग मीच एसटीत बसले.

सासरे ओट्यावर बसले होते. "बाईमानूस मुराळी?" त्यांनी विचारलं.

"माहेरचं माणूस आहे ना? मग झालं." वर्गात पोरं दटावून माझा आवाज तसाही चढाच होता.

"पन घर कोठे शे?"

"आहे की. परवाच दार बसवलं."

ते उठले. सुनेच्या कपड्यांची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. "मी संगे येस. घर दिसनं तं पिशवी तठे ठेवसू. नईतं पोरले मांगे लई येसू." म्हणजे घर पटलं नाही, तर पिशवी आणि पोरगी दोन्ही परत. साऱ्या प्रवासात ती पिशवी त्यांच्या मांडीवरून हलली नाही. पोरगी खिडकीबाहेर बघत राहिली. मला त्या पिशवीचा इतका राग आला होता की ती हिसकावून घ्यावीशी वाटली.

गावात पोचलो. पोरगी कोणी न सांगता चौकटीसमोर जाऊन उभी राहिली. आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला आत घेतलं. सासरे मात्र दगडांवरून तरातरा निघाले, थेट चुलीकडे.

मैत्रिणीने डोक्यावर पदर ओढला. व्याह्याचा मान तिने राखला, पण आवाज काही खाली आणला नाही.

"आबा, तठे भीत शे. दरवाजा आठे शे."

गल्लीतली सगळी माणसं बघत होती. आबांनी खालच्या दगडांकडे पाहिलं, वरच्या ताडपत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर हटवली नाही. एक पाय आत, एक बाहेर, असे ते उभे होते. मग तो आतला पाय त्यांनी मागे घेतला. वळसा घालून चौकटीशी आले, जोडे काढले आणि मान वाकवून आत आले.

मैत्रिणीने खापरावरचा मांडा उतरवून त्यांना वाढला. ते जेवले. हात धुतल्यावर मला विचारलं, पिंपळनेरची गाडी केव्हा आहे. मैत्रिणीचा हात पिठात तसाच थांबला.

आबांनी पिशवी उचलली, चुलीजवळ सुनेच्या पुढ्यात ठेवली आणि एकटेच निघाले. जाताना दारातून गेले.