टेपवरचा बाण

चष्म्याचा स्क्रू आवळायला छोटा स्क्रूड्रायव्हर हाती घेतला, की नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयाची गारठलेली संगणक-खोली आठवते. नव्वदीची सुरुवात होती. कोपरच्या खाडीकाठच्या कोळ्यांनी भूसंपादनावर घेतलेल्या हरकतींचे कागद ‘गहाळ’ झाले होते; उरली होती त्यांची नोंद असलेली संगणकाची एकच टेप. साहेबांचे फर्मान असे, की जुने पुसण्याचा पर्याय आज्ञेत घालून नवा बॅकअप त्याच टेपवर घ्यावा. मी आधीच टेपच्या डबीवरचा स्क्रूसारखा बाण स्क्रूड्रायव्हरने ‘सुरक्षित’कडे फिरवून ठेवला; मग यंत्र त्या टेपवरचे काही पुसू शकत नसे.

ऑपरेटर तांडेलबाईंनी आज्ञा टाइप केली. यंत्राने ती नाकारली.

“बाण मी फिरवला आहे,” मी म्हणालो. “लेखी आदेश द्या, मीच उलटा फिरवतो.”

“प्रत्येक गोष्टीला कागद लागतो का हो तुम्हाला?” शेजारी उभ्या साहेबांनी विचारले.

“पुसायच्या गोष्टीला लागतो.”

“तांडेल, तुम्ही फिरवा.”

“मला नाही जमत ते, साहेब.”

तो बाण फिरवायला मला तांडेलबाईंनीच शिकवले होते.

तेव्हा मला माझेच धैर्य मोठे वाटले. पण मी कायम नोकरीत होतो आणि बाई तीन महिन्यांच्या करारावर, हे आज जाणवते. पुढे सुनावणीत त्या हरकती एकेक करून वाचल्या गेल्या. मी निवृत्तही झालो. तो लेखी आदेश मात्र अद्याप आलेला नाही.