बिल्ल्याची पाठ

मी रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं तपासायचो. असल्या कामानं माणूस संशयी होतो असं लोक म्हणतात. माझं उलट होतं. मी मुळातच संशयी, म्हणून मला ते काम जमलं. आईबाप मांडीवरचं पोर तीन वर्षांचं म्हणून सांगायचे आणि ते पोर उतरल्यावर माझ्याशी पाढ्यांच्या गोष्टी करायचं. मासळीच्या टोपलीत तळाला बाटली असली तर मला टोपली धरण्याच्या पद्धतीवरून कळायचं. घरी आई म्हणायची, "ह्याला सोताच्या सावलीचाबी भरवसा न्हाय."

हा स्वभाव मला तिच्याकडूनच आला होता. माझा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेला. त्याच्याबद्दल सरकारी कागद आला तो एवढाच, की तो बेपत्ता आहे. आईनं तो कागद तीन माणसांकडून वाचून घेतला. मेला असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही याची खात्री केली आणि दुसऱ्या दिवसापासून ती धक्क्यावर येऊ लागली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येणारी प्रत्येक लाँच ती बघायची. शेवटचा उतारू उतरला तरी हलायची नाही, खलाशी उतरेपर्यंत थांबायची. पावसाळ्यात लाँच बंद असत, तेव्हा रिकाम्या खाडीकडं बघून परत जायची. मला पुढं तिथंच नोकरी लागली आणि रोज हे बघणं नशिबी आलं. उतारू मला विचारायचे, "ही बाई कोणाची वाट बघते?" मी त्यांचं तिकीट मागायचो.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, एक माणूस आमच्या घरी आला. लढाईत तो जखमींची मोटार चालवत असे. म्हणाला, तुमचा मुलगा माझ्या मोटारीत गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. आईनं त्याला चहा दिला आणि सांगितलं, "तोंडानं कोनीबी सांगंल." त्यावर तो माणूस अंगणात गेला, हात-पाय धुऊन परत आला आणि खिशातून एक पितळी बिल्ला काढून आईच्या हातावर ठेवला. हा त्याच्या टोपीवरचा, म्हणाला.

आईचा विश्वास बसला तो त्या बिल्ल्यावर. आमच्याकडं लढाईत गेलेल्याला देव्हाऱ्यात जागा असते, वीर म्हणून. सोनाराकडून चांदीचा टाक करून घेतात. आईनं टाक केला नाही, बिल्लाच देव्हाऱ्यात ठेवला. त्या दिवशी वहिनीचं कुंकू गेलं आणि आईचं धक्क्यावर येणं थांबलं. दर सोमवारी ती बिल्ला चिंचेनं आणि राखेनं घासायची आणि त्याला हळद-कुंकू लावायची. दहा वर्षं असं घासल्यावर त्यावर काय चित्र होतं ते देवालाही सांगता आलं नसतं.

मधल्या काळात टेलरकाका आले. पलटणीत शिंप्याचं काम करून निवृत्त झालेले, अलिबागच्या रस्त्यावरच्या गावात एकटेच राहायचे. आपलं राज्य झाल्यावर लष्कराच्या कपड्यांवरून मुकुट गेले आणि सिंह आले. ते मुकुट उसवायचं काम यांच्याकडं होतं. उसवलेलं फेकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी साठवलं. मग तो नादच झाला. बिल्ले, बटणं, फिती, खांद्यावरची पितळी अक्षरं, सगळं बिस्किटांच्या डब्यांत. जुन्या कांबळ्याचे चौकोन कापून त्यावर प्रत्येक वस्तू दोऱ्यानं टाचलेली आणि खाली चिठ्ठी शिवलेली.

गाठोडं घेऊन ते लाँचमधून उतरले तेव्हा मी अर्थातच ते उघडायला लावलं. मुकुटांचा ढीग बघून विचारलं, "इंग्रज परत येणार आहेत का?"

"आले तर यांची शिलाई कच्ची होती एवढं सांगेन," ते म्हणाले आणि धक्क्यावरच उकिडवे बसून मला एकेक दाखवू लागले. मागं रांग खोळंबली होती.

तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ज्ञान असलेली माणसं ते कुलपात ठेवतात. हा दारात मांडून बसायचा. कोणी विचारायला आलं की हातातलं काम टाकायचा. आजूबाजूच्या गावांतल्या बायका नवऱ्याच्या, मुलाच्या वस्तू फडक्यात बांधून आणत. काका बघून सांगत, ही कुठली पलटण, ती कुठं लढली, आता अर्ज कुठं करायचा. अर्जही लिहून देत. बदल्यात काही घेत नसत, वस्तू ठेवूनही घेत नसत. वस्तूवर कागद धरून पेन्सिल फिरवायची, ठसा काढून घ्यायचा आणि वस्तू परत द्यायची. मला हेच खटकायचं. फुकट कोण काय देतो? आणि ठसे कशाला हवेत? नकली माल पाडायला?

म्हणून मी त्यांच्याकडं जाऊ लागलो, सुट्टीच्या दिवशी, शिकायच्या निमित्तानं. खरं तर पाळत ठेवायला. पण काका शिकवायचे इतके मन लावून की पाळतीचं भान सुटायचं. त्यांचं पहिलं सांगणं असं, "बिल्ला हातात आला की आधी उलटा कर. तोंड सगळे बघतात, सगळे घासतात. पाठ कोणी घासत नाही. पाठ खोटं बोलत नाही." मग कुठल्या पलटणीच्या बिल्ल्याला मागं कड्या असतात, कुठल्याला उभी पट्टी, हे दाखवायचे. दुसरं सांगणं असं, "बिल्ला पलटण सांगतो. माणूस सांगत नाही. त्यावर नाव नसतं. कोणी म्हणालं की हा अमक्याचाच, तर समजायचं की एक तर त्याला कळत नाही, नाही तर तो खोटारडा आहे."

हे मी पक्कं लक्षात ठेवलं. फार पक्कं.

आईच्या कानावर काकांची कीर्ती गेलीच. एकदा तिनंच त्यांना बोलावणं पाठवलं, बिल्ला बघून जा म्हणून. काका आले. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेली आणि पाय धुता धुता त्यांच्याशी काहीतरी बोलली. मी खिडकीतून बघत होतो. परक्या पुरुषाशी वहिनीनं इतकी वाक्यं बोललेली मी कधी पाहिली नव्हती. काकांनी मान हलवली, मग नाही अशी हलवली, मग तांब्या हातात धरून नुसतेच उभे राहिले.

आत आल्यावर आईनं बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला. मी वाकून बघितलं. मागं उभी पट्टी होती. भावाच्या पलटणीच्या बिल्ल्याला आडव्या दोन कड्या असतात, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या डब्यातले तसले चार तरी बिल्ले मी हाताळलेले. काकांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. मग खाली बघून म्हणाले, "बरोबर आहे, आई. तुमच्या मुलाच्या पलटणीचा. त्याचाच."

त्याचाच! एका दमात दोन खोट्या गोष्टी. त्यांनीच शिकवलेली दोन्ही मापं लावली तर माझ्यासमोर बसलेला माणूस अडाणी नव्हता, म्हणजे खोटारडा होता. वर त्यांनी कागद मागितला आणि पेन्सिलीनं पाठीचा ठसाही काढून घेतला. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात ती अशी.

आईला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी ती पहिल्या लाँचला धक्क्यावर हजर झाली असती, हे मला ठाऊक होतं. पण काकांच्या बाबतीत माझं डोकं चालूच राहिलं. हा माणूस खोटं का बोलला? वहिनीशी काय बोलणं झालं? दर महिन्याला मी नवा तर्क लढवायचो आणि प्रत्येक तर्कात ते आधीच्याहून वाईट निघायचे.

चीनशी लढाई सुरू झाली तेव्हा गावोगाव हेरांच्या अफवा होत्या. घराच्या काचांना काळे कागद चिकटवायचे का यावर पारावर वाद होत. मी एक अर्ज लिहिला, निनावी. अमुक गावी एक एकटा इसम राहतो, त्याच्याकडं लष्करी खुणा आहेत, त्यांचे ठसे काढतो, सर्वत्र पत्रव्यवहार करतो. एकही शब्द खोटा नव्हता. पत्र पेटीत टाकताना मला आपण देशासाठी काही केल्यासारखं वाटलं, हे लिहिताना आज हात जड होतो.

पोलीस डबे घेऊन गेले. काकांना आठवडाभर रोज बोलावून बसवून ठेवलं. काही निघालं नाही, निघणार नव्हतंच. डबे परत आले तेव्हा सगळं उसवलेलं होतं. चिठ्ठ्या एकीकडं, बिल्ले एकीकडं, बटणांची खिचडी. बारा-तेरा वर्षांची शिवण पोलिसांनी दाभणानं ओढून काढली होती.

काकांनी मलाच बोलावलं. "तुला ओळखता येतात," म्हणाले, "मदत कर." पुढं कित्येक रविवार आम्ही दोघं समोरासमोर बसून चिठ्ठ्या आणि बिल्ले जुळवत होतो. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी चष्मा वर केला तरी मला घाम फुटायचा. एकदा सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "अर्ज लिहिणाऱ्याचं अक्षर मात्र चांगलं होतं म्हणे. फौजदार सांगत होते." मी बटणं मोजत राहिलो. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हा संशय मला आजही सुटलेला नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ते गेले. छातीत दुखलं आणि संपलं. डबे माझ्या नावानं ठेवले होते. बैलगाडीतून घरी आणले. पडवीत बसून एकेक उघडला. शेवटच्या डब्यात ठशांचे कागद होते, शेकडो. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात माहिती. त्यांत आमचा सापडला. पट्टीचा पांढरा ठसा, आणि खाली लिहिलेलं: 'मोटारवाल्या पलटणीचा. यांच्या मुलाचा नव्हे. आणणाऱ्यानं स्वतःच्या टोपीचा काढून दिला. म्हातारीला सांगितलं, त्याचाच. सुनेचं म्हणणं राखलं.'

वहिनी शेजारी तांदूळ निवडत होती. मी कागद वाचून दाखवला. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"त्या मानसाला मीच अंगनात गाठला," ती म्हणाली. "तो खरं बोलत व्हता, भावजी. त्यानं हे कसं गेले, काय बोलले, समदं सांगितलं, मला पटलं. आयला पटत नव्हतं. मी म्हटलं, कायतरी द्या हातावर, न्हायतर ही बाई धक्क्यावर मरंल. त्याच्याकडं दुसरं काय व्हतं? टोपीचा काढला."

म्हणजे स्वतःचं कुंकू पुसणं तिनं असं मागून घेतलं होतं. आणि काकांना तिनं तेच सांगितलं होतं, तांब्या हातात देताना. आयुष्यात एकदाही चुकीची ओळख न सांगितलेल्या माणसाला तिनं एकदा खोटं बोलायला लावलं, आणि नेमकं तेच एक मी पकडलं. मला इतकी लाज वाटली की मी उठून परसात गेलो. अर्जाचं मी तिला सांगितलं नाही. कोणालाच नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या सोमवारी आईनं बिल्ला घासायला काढला. आता तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. चिंच लावता लावता थांबली आणि मला हाक मारली.

"ते टेलर गेले. आता सांगनारा कोन न्हाय. तू शिकलास ना त्यांच्याकडं? बघ जरा. त्याचाच हाय ना?"

वहिनी चुलीशी होती. तिचा हात थांबला. मी बिल्ला घेतला. सवयीनं उलटा केला. पट्टी तशीच होती, कोणी न घासलेली, काळी.

"व्हय, आये," मी म्हणालो. "त्याचाच."

 आईनं हात पुढं करून बिल्ला परत घेतला.

"त्यांनीबी असंच खाली बघून सांगितलेलं," ती म्हणाली, आणि चिंच लावून घासायला लागली.