शेवटच्या ओळीनंतर

ऑस्ट्रेलियातल्या मर्राबिल गावच्या गुरांच्या बाजारात व्हर्ना टिलब्रुक एकतीस वर्षं एकाच माणसाच्या डाव्या हाताला चालली. माणूस म्हणजे लिलाव पुकारणारा कॉलम ब्रॅडिगन. गुरं कोंडलेल्या वाडग्यांच्या डोक्यावरून फळ्यांची जी अरुंद वाट जाते तिच्यावर तो पुढे आणि ही अर्धं पाऊल मागे, छातीशी वही, गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल. तो पुकारायचा, बोली चढायची, तळहातावर तळहात आपटला की सौदा पक्का, आणि ही लिहायची: कितवं वाडगं, किती डोकी, कोणी घेतली, काय भावाने. भांडण झालंच तर व्हर्नाची वही बघायची, हा मर्राबिलचा कायदा. शेवटी जे पुकारलं आणि वहीत शेवटी जे उतरलं तेच खरं. त्यापुढे पोलिसाचंही चालत नसे.

ब्रॅडिगनची जीभ अशी सुटायची की नव्या माणसाला एक अक्षर कळू नये. व्हर्ना मात्र एकही आकडा चुकली नाही. प्रत्येक सौद्यानंतर तो थोडा थांबायचा, अर्धा श्वासभर. अलीकडे लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला दम लागतो. तो तिशीतही थांबायचा, पण तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

बाई अबोल. लोक तिला पाठीमागे 'खांब' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. लग्न केलं नाही, देवळात गेली नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नाद एकच, मोडीत निघालेले लॅपटॉप जिवंत करायचे. कचेरीने फेकायला काढलेला एक ॲल्युमिनियमचा तिने घरी आणला, दात घासायच्या ब्रशने आतून साफ केला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. यंत्र बारा वर्षांचं. बनवणाऱ्यांनी त्याला नव्या सिस्टीमी द्यायचं केव्हाच बंद केलं होतं. व्हर्नाचंही त्याच्याशी हिशेब आणि हवामान यापलीकडे काही काम नव्हतं.

फेब्रुवारीत नदी फुगली, काळ्या मातीचे रस्ते गिळले गेले, बाजार बंद झाला. तशात एका मंगळवारी ब्रॅडिगन चिखलाचे बूट दाराशी सोडून आत आला आणि खुर्चीत बसला.

"टिल, घसा काढणार म्हणतात."

"कोणाचा?"

"घोड्याचा! माझा, आणखी कोणाचा. आतली ती पेटी असते ना, आवाजाची, ती अख्खी. पुढच्या शुक्रवारी, ब्रिस्बेनला. गुरुवारी दोनच्या विमानाने जायचं."

"मग बोलणार कसा?"

"नाही बोलणार. तुला काय फरक पडतो, तू तर पेटी असूनही बोलत नाहीस."

व्हर्नाने चहा ओतला. बिस्किटांचा डबा पुढे केला. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि ती वाट बघत बसली. काहीच वाटलं नाही. चहा गरम होता, एवढंच कळलं. मागच्या बाजारात ब्रॅडिगनने शेवटचं वाडगं पुकारलं, अकरा कालवडी, तेव्हा ते त्याचं शेवटचं आहे हे तिलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही नाही. हे तिला नीट समजत होतं. समजून काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या आयोना नावाच्या बाईंचा फोन आला. ऑपरेशननंतर बोलायचं कसं हे शिकवणाऱ्या त्या. त्या म्हणाल्या, एक प्रोग्राम आहे. पन्नास वाक्यं वाचून घेतली की यंत्र पुढे त्याच्याच आवाजात बोलतं, आपण फक्त टाइप करायचं. मात्र वाचायला दोन-तीन तास हवेत, आणि इथे आल्यावर तपासण्यांतून तेवढा वेळ मिळेलसं दिसत नाही, तर घरूनच करून आणा. कुठल्याही नव्या लॅपटॉपवर होईल.

नवा लॅपटॉप! मर्राबिलमध्ये लोकांकडे फोन होते आणि फोनवर तो प्रोग्राम चालत नव्हता. शाळेचे आणि कचेरीचे संगणक शहरातून असे कुलूपबंद केलेले की त्यांवर पत्त्यांचा डावही टाकता येऊ नये. रस्ते पाण्याखाली. विमानातून औषधं येत होती आणि माणसं जात होती, त्यात दुकानदाराच्या खोक्याला कोण विचारतो?

"हा आहे की," ब्रॅडिगन टेबलावरच्या ॲल्युमिनियमच्या डबड्याकडे बघून म्हणाला. त्याचा आवाज तोवर चाळणीतून खडी टाकल्यासारखा झाला होता.

"त्यावर नवी सिस्टीम चढत नाही. मनाई आहे."

"कोणाची?"

"बनवणाऱ्यांची."

"ते इथे येणार आहेत का पोहत?"

नाहीच येणार. जगात असे पुष्कळ रिकामटेकडे आणि सज्जन लोक आहेत जे मनाई असलेल्या यंत्रांवर नव्या सिस्टीमी चढवतात आणि कशा चढवल्या ते इंटरनेटवर लिहून ठेवतात. व्हर्नाने त्यांचं सगळं वाचलं. नवी सिस्टीम उतरवून घ्यायला दीड दिवस गेला. जुनी तशीच ठेवून तिने नवीसाठी डिस्कवर वेगळी जागा काढली, पेन ड्राइव्ह तयार केला, सुरू होताना कळ दाबून धरली. पडद्यावर एक गोल आणि त्यावर आडवी रेघ उमटली. प्रवेश बंद.

ते एका दिवसात सुटलं. पेन ड्राइव्ह थेट खोचला की नव्या सिस्टीमला तो दिसत नव्हता. मध्ये जास्तीच्या खाचांची डबी जोडल्यावर दिसला. सिस्टीम चढली. पण चालू करायला गेलं की पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर पळायच्या आणि एका ओळीशी थांबायच्या. ब्लूटूथ तयार, अशा अर्थाची ती ओळ. पुढे काही नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, काही नाही.

आता व्हर्नाने जे केलं ते मर्राबिलच्या माणसानेच करावं. शेवटची ओळ ब्लूटूथची, म्हणजे गुन्हेगार ब्लूटूथ. शेवटी पुकारलं ते खरं. तिने ब्लूटूथ बंद केलं, अडलं. त्याच्या फायली काढल्या, अडलं. शनिवारी स्क्रू उघडून नखाएवढी ती पट्टीच बाहेर काढली. मग ओळ बदलली, तिच्या आधीची शेवटची झाली, आणि घोडं तिथे अडलं. व्हर्ना त्या ओळीच्या मागे लागली. वहीत तिने बाजारासारख्याच रेघा आखल्या होत्या: कितवा प्रयत्न, काय बदललं, शेवटची ओळ. सोमवारपर्यंत छत्तीस प्रयत्न झाले आणि पुन्हा पाढे पंचावन्न.

ती जेवत होती, भांडी धूत होती, झोपतही होती. कशाला चव नव्हती. ब्रॅडिगन रोज यायचा, खुर्चीत बसायचा.

"काय म्हणतंय तुझं मढं?"

"अडलंय."

"विकून टाक."

"घेतंय कोण?"

तो हसायचा, त्याला खोकला यायचा, मग दोघं खिडकीतून पाण्याकडे बघत. आपण जिवलग माणसासाठी धडपडतोय असं व्हर्नाला एकदाही वाटलं नाही. गणित घातलंय, सोडवतोय, असं वाटायचं. आपण खरंच खांब असू, असंही एकदा वाटलं, आणि त्याचंही तिला वाईट वाटलं नाही.

मंगळवारी तिने हात टेकले आणि त्या सज्जनांच्या इंटरनेटवरच्या फळ्यावर सगळे छत्तीस प्रयत्न लिहून टाकले. बुधवारी सकाळी टास्मानियातल्या ऑस्मंड नावाच्या निवृत्त घड्याळजीचं उत्तर आलं.

"बाई, इतकी सुरेख वही मी जन्मात पाहिली नाही, आणि इतकी निरुपयोगीही. तुम्ही शेवटच्या ओळीला का झोडपताय? ती बिचारी आपलं काम करून मोकळी झाली, म्हणून तर उमटली! जे अडलंय त्याची ओळ उमटलेलीच नाही. तुमची जुनी सिस्टीम चालते ना? ती तशाच ओळी दाखवत सुरू करा आणि या ओळीनंतर काय येतं ते बघा. फार भरभर पळतात, फोनवर टिपून घ्या."

फोनवर? ज्या बाईने एकतीस वर्षं ब्रॅडिगनला कागदावर उतरवलं तिला? व्हर्नाने पेन्सिलीला टोक केलं, जुनी सिस्टीम सुरू केली आणि ओळी पळायला लागल्या तशी लिहीत सुटली. ब्लूटूथच्या ओळीनंतर जुनीही थबकली. एक, दोन, तीन, चार. मग पुढची ओळ आली: चित्राची मोठी चिप सापडत नाही, लहानीवर भागवतो.

त्या लॅपटॉपात पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपा दोन होत्या आणि मोठी केव्हाच मेलेली होती. जुनी सिस्टीम चार सेकंद तिची वाट बघून पुढे जायची. नवी वाटच बघत बसायची. ऑस्मंडने तीन ओळी पाठवल्या: मेलेलीला हाक मारू नकोस, लहानीला घेऊन चल, असं नव्या सिस्टीमला बजावणाऱ्या. त्यातही एक खूण चुकली, मग आणखी काही, आणि दिवस मावळला. गुरुवारी सकाळी दहाला पडदा उजळला. भडक, जांभळट, थोडा थरथरणारा, पण उजळला.

व्हर्नाने ब्रॅडिगनला फोन केला. "ये."

तो आधीच बॅग घेऊन निघाला होता.

वाक्यं कोणा शहाण्याने लिहिली होती देव जाणे. 'निळी किटली खिडकीजवळ ठेवली आहे.' 'माझ्या बहिणीला सात छत्र्या आवडतात.' ब्रॅडिगनने चष्मा लावला आणि ती अशी वाचली की किटलीला गिऱ्हाईक लागावं.

"हळू," व्हर्ना म्हणाली. "घरी बोलतोस तसं."

"घरी मी कोणाशी बोलतो? भिंतीशी?"

"माझ्याशी बोलतोस तसं मग."

"अगं, तुझ्याशी मी एकतीस वर्षं असंच बोलतोय!"

ते खरंच होतं. हात रिकामा राहिना, तेव्हा तिने वही ओढली आणि तो वाचेल ते वाक्य सवयीने लिहीत गेली. कितवं, काय. त्याचा आवाज फाटत होता. मध्येच पाणी, मध्येच खोकला, एखादं वाक्य तीनदा. बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकला की पुन्हा पहिल्यापासून. सव्वा वाजता पन्नासावं झालं: 'उद्या हवा बरी असेल.' यंत्राने बरोबरची हिरवी खूण दाखवली, वाक्यं इंटरनेटवरून आयोनाबाईंकडे पोचली.

"संपलं?" ब्रॅडिगनने विचारलं.

"संपलं."

तो उठला. काहीतरी बोलेल असं वाटलं. "लॅपटॉपला झाक काहीतरी, धूळ बसेल," एवढं म्हणाला आणि बॅग उचलून गेला. त्याच्या घशातून आलेले तिने ऐकलेले शेवटचे शब्द ते. तिने लॅपटॉपवर भांडी पुसायचा पंचा टाकला.

एप्रिलमध्ये रस्ते सुकले. बाजार भरला, फळ्यांवर दुसराच माणूस चालला, आवाजाने चांगला, डाव्या हाताला व्हर्ना. तो एका वाडग्यावरून दुसऱ्यावर असा उडी मारायचा की पहिल्याच दिवशी तिचे दोन आकडे राहिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आपलं वय झालं, असं तिने मनाशी धरलं आणि कचेरीत येऊन बसली.

तिथे ब्रॅडिगन आला. बारीक झालेला, गळ्याला रुमाल, बगलेत हॉस्पिटलाने दिलेली पाटीएवढी टॅबलेट. तो तिच्या समोर बसला आणि एका बोटाने टाइप करू लागला. व्हर्नाने सवयीने वही पुढे घेतली.

"खांब अजून उभा आहे तर," यंत्र म्हणालं.

त्याचाच आवाज. खडीसकट. व्हर्नाने ते वाक्य लिहिलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि वाक्य संपल्यावर यंत्र गप्प नव्हतं. आत कुठेतरी हलकी खरखर चालू होती, अर्धा श्वासभर, मग ती थांबली.

"हे काय आहे मागे?" तिने विचारलं.

तो पुन्हा टाइप करू लागला.

"आयोनाबाई म्हणाल्या, प्रत्येक वाक्यानंतर मी थांबलोय. पन्नासच्या पन्नास वेळा. यंत्राला वाटलं ते बोलण्यातलंच आहे, म्हणून तेही शिकलं. काढून टाकू का, विचारत होत्या. मी नको म्हटलं."

खरखर. थांबली.

"दम लागायचा तुला," व्हर्ना म्हणाली. "सगळे म्हणायचे."

ब्रॅडिगनने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तो वीसचा बैल दहाला मागणाऱ्याकडे टाकायचा. मग बराच वेळ टाइप केलं.

"दम कसला लागतोय मला. तुझी पेन्सिल कागदावरून उचलली की पुढचं पुकारायचो. पहिल्या दिवसापासून. माझा शब्द न् शब्द तू लिहून घेतलास, टिल, आणि तुला हे माहीतच नाही?"

व्हर्ना लिहीत होती. 'माहीतच नाही' इथपर्यंत आली आणि फेब्रुवारीपासून जे कुठेच नव्हतं ते एकदम आलं. अक्षरांवर पाणी पडलं. ती रडत होती, तोंड वेडंवाकडं करून, एखाद्या लहान मुलीसारखी, आणि तिला ते थांबवायचंही नव्हतं. पेन्सिल कागदावरच टेकलेली राहिली.

यंत्रातली खरखर संपली. ब्रॅडिगनचं बोट पाटीवर आलं होतं. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं आणि बोट तसंच वर धरून तो थांबला.