सॅन मारिनोचे पेढे

हरणाऱ्यांवर इतकी माया करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कॅनडात, मार्कहॅममध्ये राहून माणसानं हॉकी बघावी, नाहीतर क्रिकेट. आमचे मामा सॅन मारिनोच्या फुटबॉल टीमवर जीव टाकतात. सॅन मारिनो म्हणजे इटलीच्या पोटातला एक डोंगर, लोकवस्ती मार्कहॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकी. खेळाडूंपैकी कोणी बँकेत कामाला, कोणी दुकानात. ते हरतात. सारखे हरतात. इथल्या मराठी मंडळानं एकदा मामांना आभारप्रदर्शनाला उभं केलं, तर स्वयंपाकवाल्यांचे आभार राहिले बाजूला आणि मामा थेट इंग्लंडच्या मॅचवर घसरले. "खेळ सुरू होऊन दहा सेकंदं झाली नव्हती, आणि गोल! इंग्लंडवर!" मागून कोणीतरी विचारलं, "मग जिंकले का?" मामा शांतपणे म्हणाले, "छे हो. सात-एकनं हरले. पण तुम्ही तो गोल बघा ना!" माईक काढून घ्यावा लागला.

बेसमेंटमध्ये त्यांचा जुना सोफा आहे. मॅच असली की बाहेर बर्फ कितीही पडो, ड्राइव्हवे शोव्हल करायला मामींनी जायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, जिंकणारी एखादी टीम धरा की!" तर म्हणाले, "जिंकणाऱ्यांना माझी काय गरज? हरून घरी येतो त्याला कोणीतरी 'ये, बस' म्हणायला नको?" किती सुंदर बोलले! आणि मला असा संताप आला म्हणून सांगू!

कारण या माणसाला एक मुलगी आहे. लहानपणी ती त्याच सोफ्यावर त्यांना चिकटून बसायची. सॅन मारिनो पहिल्यांदा जिंकलं, तेव्हा बापलेक कम्प्युटरवर नुसता स्कोअर बघत होते. मामांनी तिला खांद्यावर घेऊन बेसमेंटभर नाचवलं आणि पेढे आणले. मोठी झाल्यावर तिनं क्वेबेकमधल्या लव्हालच्या एका फ्रेंच मुलाशी लग्न केलं, आपल्या मनानं. मामा लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर फोन नाही की नाव नाही. सगळे पराभव पोटात घालणाऱ्या बापाला लेकीची एक गोष्ट पोटात घालता आली नाही. मामी वॉशरूममध्ये नळ सोडून तिच्याशी फोनवर बोलतात. मामांना हे पक्कं ठाऊक आहे. पाण्याच्या बिलाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत.

आणि मग ऐन गणपतीच्या तोंडावर, वीस वर्षांनी, सॅन मारिनो पुन्हा जिंकलं. एक-शून्य! शनिवारी मंडळाच्या आरतीला मामा नवा झब्बा घालून, हातात केशरी पेढ्यांचा मोठा बॉक्स घेऊन हजर. आता आपल्या लोकांत पेढे म्हटले की काय समजतात? एक वहिनी किंचाळल्याच, "अय्या, आजोबा झालात! मुलगा की मुलगी?" बघता बघता सगळे गोळा झाले. कोणी मिठी मारतंय, कोणी म्हणतंय, "बरं झालं बाई, राग सोडलात." मामींचा चेहरा पांढराफटक. मामा बॉक्स धरून नुसते उभे. शेवटी खाली बघत म्हणाले, "सॅन मारिनो जिंकलं." हॉलभर हशा पिकला. मामा हसले नाहीत.

मी दोघांना गाडीतून घरी सोडत होतो. मग मागच्या सीटवरून मामी हळूच म्हणाल्या, "परवा तिनं विचारलं होतं. बाबांनी मॅच बघितली का म्हणून."

"तुला विचारलं?" मामा म्हणाले. "मला का नाही विचारलं?"

"तुम्ही उचलला असता फोन?"

मी म्हटलं, "मामा, आत्ता लावा. माझ्या फोनवरून लावा." त्यांनी फोन हातात घेतला, अंगठ्यानं काच पुसली आणि मला परत दिला. "आधी तिनं करायला हवा," म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. घरी गेल्यावर त्यांनी चार पेढे फॉइलमध्ये नीट गुंडाळले आणि बेसमेंटच्या फ्रीजरमध्ये ठेवले. "तिला केशरी आवडतात," म्हणाले. "आलीच कधी तर."

पुढची मॅच सॅन मारिनो हरलं. मामांनी त्यांना तिथल्या तिथे माफ केलं. पेढे अजून फ्रीजरमध्येच आहेत.